पदवीधरांनो, तुमची सही विकाऊ आहे काय?

बिबवेवाडीत अप्पर इंदिरानगरच्या चढावर एक फाटक आहे आणि खाली गुलटेकडीच्या अंगाला दुसरे. वरचे अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, खालचे मार्केट यार्डाचे. पदवीदानाच्या दिवशी पोरे काळे झगे घालतात, टोप्या आभाळात भिरकावतात, आईवडिलांना मधे घेऊन फोटो काढतात. त्याच वेळी खाली यार्डात ट्रकची फाळकी उघडलेली असतात आणि पाठीवर गोणी घेतलेला हमाल वाकून गाळ्याकडे चाललेला असतो. वरच्याला खालचा दिसत नाही. खालच्याला वर बघायला सवड नसते.

या दोघांत फरक कोणता? कपड्यांचा म्हणाल तर झगा घटकाभराचा असतो. पगाराचा म्हणाल तर आज कित्येक पदवीधर घरीच बसून आहेत. खरा फरक आहे तो चूक झाल्यावर काय होते त्याचा. हमालाचा पाय घसरला तर एक पोते फुटते, फार तर त्याचेच गुडघे फुटतात. पदवीधराची चूक झाली तर दुसऱ्याचे डोके फुटते. डॉक्टरच्या सहीवर पोटात औषध जाते. इंजिनिअरच्या सहीवर स्लॅब उभा राहतो आणि त्या स्लॅबखाली अनोळखी माणसे निर्धास्त झोपतात. हिशेबनिसाच्या सहीवर विधवेची ठेव पतपेढीत पडून राहते. मास्तरच्या सहीवर पोराचा पुढचा रस्ता ठरतो. विद्यापीठाने तुम्हाला ज्ञान दिले की नाही, हे तुमचे तुम्हाला ठाऊक. नोकरी दिलेली नाही, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याने निःसंशय दिलेली गोष्ट एकच: सही करण्याचा अधिकार. म्हणून आज पुष्पगुच्छ आणि शुभेच्छांच्या गर्दीत आम्ही तुम्हाला एकच सवाल टाकतो. ही सही विकाऊ आहे काय? असेल तर भाव केवढा?

सवाल कडू लागला? लागू द्या. सही विकण्याचे शिक्षण तुम्हाला नोकरीत मिळणार नाही, ते घेऊनच तुम्ही बाहेर पडत आहात. ड्रॉइंगची शीट काचेवर ठेवून खालून दिवा लावायचा आणि मित्राच्या रेषांवरून आपली पेन्सिल फिरवायची, याला तुम्ही लाडाने ‘जीटी मारणे’ म्हणता. सबमिशनच्या आदल्या रात्री वर्षभराची जर्नले छापून काढता. न केलेल्या प्रयोगाची निरीक्षणे आधी लिहिता आणि आलेख मागाहून त्यांना जुळवता. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दुकानातून विकत घेता आणि त्याच्या काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत आपले नाव छापता. आत पहिल्याच पानावर प्रतिज्ञा असते की हे काम माझे स्वतःचे आहे. त्या प्रतिज्ञेखाली सही कोणाची असते? हे एका कॉलेजचे गाऱ्हाणे नाही. मुंबईपासून नागपूरपर्यंत हेच चालते, आणि ‘सगळेच करतात’ हे त्यावरचे सार्वत्रिक उत्तर आहे. सगळेच करतात! बरोबर आहे. म्हणूनच रस्त्याला पहिल्या पावसात खड्डा पडतो.

शिकवणाऱ्यांनाही आम्ही सोडणार नाही. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. खेड्यापाड्यातल्या पोरांना त्यामुळे इंजिनिअर होता आले, हे कोणी नाकारू नये. पण त्याच दाराने शिक्षणसम्राटही आत शिरले. कित्येक संस्थांत तपासणीची समिती येणार म्हटले की रातोरात कुंड्या येतात, कुलूपबंद प्रयोगशाळा झाडून निघते, न झालेल्या बैठकांची इतिवृत्ते लिहिली जातात आणि त्यांवर सह्या होतात. विद्यार्थी हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहतो. ज्या गुरूने खोट्या कागदावर सही केली त्याने शिष्याला सचोटीवर व्याख्यान द्यावे, हा लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण असा प्रकार झाला. कुंपणच शेत खात असेल तर बुजगावण्याला दोष कशाला?

जीटी मारलेली शीट आणि न वाचता मंजूर केलेला नकाशा यांच्यात दहाएक वर्षांचे अंतर आहे, जातीचे नाही. याची साक्ष काढायला लांब जायला नको. बिबवेवाडीला लागूनच कोंढवा आहे. 2019च्या जूनमध्ये, 28 तारीख सरून 29 लागल्यावर, मध्यरात्रीनंतर तिथे एका सोसायटीची सीमाभिंत कोसळली. भिंतीच्या पलीकडे बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. बिहारातून पोटासाठी आलेली 15 माणसे, लहान लेकरांसह, झोपेतच गाडली गेली. भिंत काही जमिनीतून उगवत नाही. ती कोणाच्या तरी नकाशात असते, कोणाच्या तरी देखरेखीखाली चढते, आणि तिच्या पायथ्याशी मजुरांच्या खोल्या टाकायला कोणी तरी मान हलवलेली असते. प्रत्येक पायरीवर एक शिकलेला माणूस उभा असतो. भिंत पडल्यावर मात्र सगळे कागद शहाणे होतात आणि हुडकून काढला जातो तो मुकादम. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय!

त्याच वर्षीच्या 25 सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याने पात्र सोडले. कात्रजकडून येणारा हा ओढा पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर करीत दांडेकर पुलाकडे जातो. त्या रात्री तो लोकांच्या स्वयंपाकघरातून गेला. अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसे गेली. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक जीव गेले. पावसाला शिव्या देऊन आपण मोकळे झालो. ओढ्याचे पात्र वर्षानुवर्षे आवळले गेले, त्याच्या अंगावर भराव पडले, त्याच्या काठाला भिंती चढल्या, तेव्हा नकाशे कोणी काढले? अडाण्यांनी? अडाणी माणूस ओढ्याला घाबरतो. ओढ्याला नाल्याचे नाव आणि नाल्याला पाइपचे माप देण्याची हिंमत पदवीधराकडेच असते.

आणखी मागे जा. 12 जुलै 1961. पानशेतचे काम पुरते होण्याआधीच धरणात पाणी अडवले गेले, धरण फुटले, खालचे खडकवासलाही फुटले आणि पुणे भरदिवसा बुडाले. सहकारनगर, पर्वतीच्या भागातल्या पूरग्रस्त वसाहती त्या दिवसाच्या खुणा अंगावर घेऊन आजही उभ्या आहेत. घाई कोणाची होती, हुकूम कोणाचा होता, यावर चौकश्या झाल्या आणि कागदांचे ढीग पडले. आमच्या मते त्या ढिगातून पदवीधराने उचलण्याजोगा धडा एकच आहे. काम झालेले नसताना ‘झाले’ म्हणू नये. वरचा साहेब कितीही मोठा असो, पाणी त्याच्याहून मोठे असते.

कोणी म्हणेल, अहो, आज आनंदाचा दिवस, मुलांना देवाधर्माचे, श्रद्धेचे दोन शब्द सांगा. सांगतो. श्रद्धेवर आमचा राग नाही, तिच्या सोंगावर आहे. पदवीदानाला आपण मोठ्या दिमाखाने ‘दीक्षान्त’ म्हणतो. हा संस्कार ज्या तैत्तिरीय उपनिषदाशी जोडला जातो, त्यात गुरू निघालेल्या शिष्याला काय सांगतो ते तरी एकदा वाचा. खरे बोल, कर्तव्याला चुकू नकोस, शिकणे सोडू नकोस, हे तर तो सांगतोच. पण पुढे तो असेही बजावतो की आमची जी चांगली वागणूक असेल तेवढीच घे, बाकीची घेऊ नकोस. ऐकलेत? गुरू स्वतःच शिष्याला गुरूच्या वागणुकीतून निवड करायला सांगतो! वडिलधाऱ्यांच्या पाया पडा, पण त्यांचा लबाडपणा उचलू नका, असा याचा साधा अर्थ. आमच्याकडे नेमके उलटे होते. पोरगा वडिलांचे वाचन उचलत नाही, कष्ट उचलत नाही, उचलतो ती त्यांची जात आणि त्यांचा हुंडा.

होय, हुंडा! ज्या वर्षी पानशेत फुटले त्याच वर्षी, 1961 साली, हुंडाबंदीचा कायदा झाला. कायद्याने साठी ओलांडली आणि हुंडा अजून घोड्यावर बसलेलाच आहे. त्याने फक्त नाव बदलले. ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय घालायचे ते घाला.’ ‘लग्न तेवढे चांगल्या कार्यालयात करून द्या.’ याद्या करायला दोन्हीकडची मंडळी बसतात, मानपान, सोने, गाडी असा तपशील कागदावर उतरतो, आणि खाली सह्या होतात. तिथे शेजारी बसलेला नवरदेव इंजिनिअर असतो, डॉक्टर असतो, परदेशी कंपनीत मोठ्या पॅकेजवर असतो. तो खाली मान घालून मोबाईल बघत असतो. त्याला वाटते, सही बापाची आहे, आपली नाही. अरे भल्या माणसा, माल तू आहेस! विकल्या जाणाऱ्या बैलाचीही बाजारात मान ताठ असते, तुझी का वाकली?

आणि संगणकशास्त्राची पदवी घेऊन संगणकावर पत्रिका जुळवणाऱ्या वीरांचे काय करावे? दिवसभर यंत्राला तर्क शिकवायचा आणि संध्याकाळी मंगळाला घाबरून चांगली मुलगी नाकारायची! स्थळाच्या कागदावर ‘उच्चशिक्षित’ हा शब्द पहिल्या ओळीत आणि ‘स्वजातीय’ दुसऱ्या ओळीत. पहिली ओळ खरी असती तर दुसरी लिहिली गेलीच नसती. 18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिकलेल्यांनी आपल्याला दगा दिल्याची व्यथा बोलून दाखवली होती. शिकून ही माणसे समाजाच्या कामी येतील अशी त्यांची आशा होती, आणि ती आपापल्या पोटापुरती उरली. ती व्यथा त्यांनी आपल्या माणसांपुढे मांडली. पण सवर्ण पदवीधराने ती ऐकून सुटकेचा श्वास टाकू नये. त्याच्याकडे तर दगा द्यायला अधिक पिढ्यांची पदवी होती.

मग याच गावात असेही पदवीधर झाले की नाहीत, ज्यांनी सहीची लाज राखली? झाले. त्यांचे पुतळे करून आपण त्यांचा निकाल लावला, एवढेच.

टेंभूच्या गोपाळ गणेश आगरकरांनी एम.ए. होताना घरची दारिद्र्याची आच पाठीवर घेतली होती. सरकारी नोकरी हात जोडून उभी होती. त्यांनी आईला पत्राने कळवून टाकले की मोठ्या पगाराची आस धरू नये, पोटापुरते घेऊन उरलेला वेळ मी लोकांसाठी घालवणार आहे. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, 1885 साली फर्ग्युसन कॉलेज. सोसायटीच्या आजीव सेवकांनी पंचाहत्तर रुपये महिन्यावर वीस वर्षे काम करण्याचा शब्द दिला. आगरकरांचा तो शब्द वयाच्या 39व्या वर्षी, 1895 साली, मरणाने तोडला, त्यांनी स्वतः नाही. सोसायटी निघण्याआधीच ते डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहून आले होते, पुढे 1888 साली ‘सुधारक’ काढला, आणि पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आपल्या खिडकीखालून आपलेच प्रेत जाताना पाहणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला बसला. एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार जणांनी नावे ठेवली की तुम्ही ग्रुप सोडता!

आगरकर तुम्हाला फार उंच वाटत असतील तर धोंडो केशव कर्व्यांकडे बघा. बोलायला साधे, स्वभावाने संकोची, गणिताचे मास्तर. 1893 साली त्यांनी विधवेशी लग्न केले आणि मुरुडच्या गावकऱ्यांनी वाळीत टाकले. कर्व्यांनी गावाशी भांडण मांडले नाही आणि माघारही घेतली नाही. 1896 साली आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला नेला. फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि पायी हिंगणे गाठायचे, असे त्यांचे दिवस गेले. 1916 साली महिला विद्यापीठ उभे राहिले. आता या सहीचे पुढे काय झाले ते पाहा. त्याच विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातल्या अध्यापिका पुण्याच्या कचराकुंड्यांपाशी जाऊन पोचल्या, आणि 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. उकिरड्यावर हाताने भंगार वेचणाऱ्या बाया संघटित झाल्या. त्यांना महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे मिळाली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली. ज्या बाईला पोलीस चोर म्हणून हटकायचा, तिच्या गळ्यात तिचे नाव आणि फोटो आला. त्या ओळखपत्रावरही एक सहीच होती! शिकलेल्या माणसाच्या सहीने भिंत पडते, तशी कोणाची तरी मान सरळही होते.

आता पुन्हा खालच्या फाटकाशी या. नाना पेठेत एक तरुण डॉक्टर दवाखाना चालवीत होता. आज यार्डात असलेला भुसार बाजार तेव्हा पेठांतच भरे. हमाल येत, पाठ धरली म्हणून, छातीत दुखते म्हणून. डॉक्टरला दोन वाटा होत्या. गोळी द्यायची, चिठ्ठीवर सही करायची, पैसे घ्यायचे आणि ‘जड उचलू नका’ असा सल्ला द्यायचा. ज्याचे पोट जड उचलण्यावर आहे त्याला असला सल्ला म्हणजे सुशिक्षित क्रूरपणा. या डॉक्टरला कळले की रोग पाठीत नसून पोत्यात आहे. तो दवाखान्यातून बाजारात उतरला. त्याचे नाव बाबा आढाव. 1950च्या दशकात हमाल पंचायत उभी राहिली. 1969 साली माथाडी हमालांसाठी महाराष्ट्राने कायदा केला आणि ज्याला मालक नव्हता त्या कामगाराला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांचा हक्क मिळाला. 1972 साली ‘एक गाव एक पाणवठा’ ची हाक घेऊन बाबा खेडोपाडी हिंडले. 1974 साली ‘कष्टाची भाकर’ सुरू झाली, तिथे नफ्याविना भाकरी मिळू लागली. पोत्याचे वजन शंभर किलोवरून पन्नासवर यावे म्हणून लढे झाले. डॉक्टरने रोग्याची पाठ बरी करण्यासाठी पोते हलके करायला लावले, यापेक्षा सरस औषधयोजना कोणत्या पुस्तकात आहे? 8 डिसेंबर 2025 रोजी, पंच्याण्णव वर्षांचे होऊन, बाबा गेले. त्यांच्या पदवीचे कागद कुठल्या कपाटात आहेत, हे कोणी विचारले नाही. त्यांची सही मार्केट यार्डात ताठ चालणाऱ्या पाठींवर आहे.

आम्हाला उत्तर तयार मिळेल, हे आम्ही जाणतो. ‘ते थोर लोक होते. आमच्या बापाने फीसाठी जमीन गहाण टाकली आहे. बहिणीचे लग्न आहे. फ्लॅटचे हप्ते आहेत.’ मित्रांनो, ही अडचण खरी आहे आणि तिची थट्टा करणारा संपादक हलकट ठरेल. बापाचे कर्ज आधी फेडा. पोट भरा, घर बांधा, आईला काशी दाखवा, स्वतः हिमालय पाहून या. आम्ही तुम्हाला भिक्षेची झोळी देत नाही. आजीव सेवकांनीही पंचाहत्तर रुपये घेतलेच होते. आमचे मागणे त्यागाचे नाहीच. जास्त पगाराची नोकरी घेणे आणि खोट्या कागदावर सही करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला कष्ट लागतात, दुसरीला भित्रेपणा. ‘हप्ते आहेत’ म्हणून दुसरी करणाऱ्याने एवढेच ध्यानात धरावे की कोंढव्याच्या भिंतीखाली झोपलेल्यांनाही बायकापोरे होती, आणि ती त्यांच्या शेजारीच झोपली होती.

तेव्हा आम्ही सांगतो ते थोडके आहे, पण तेवढे पाळा. जे वाचले नाही, पाहिले नाही, मोजले नाही, त्यावर सही करू नका. खोटा अनुभवाचा दाखला घेऊन नोकरीत शिरू नका, कारण खोट्या दाराने आत गेलेल्याला साहेबापुढे ताठ उभे राहता येत नाही. लग्नाच्या याद्यांचा कागद समोर आला तर तो आपल्या हाताने फाडा, आणि हे काम बापावर सोपवू नका. घरी कचरा न्यायला येणाऱ्या बाईचे नाव माहीत करून घ्या आणि तिच्या हातात ओला-सुका वेगळा करून द्या. सार्थ आयुष्याची भाषणे ऐकण्याआधी एवढे जमते का ते पाहा. आणि एकदा, फक्त एकदा, पहाटे उठून खालच्या फाटकाशी जा. फोटो काढू नका, सेवेचे सोंग आणू नका. कट्ट्यावर बसून चहा घ्या आणि एक ट्रक रिकामा होईपर्यंत बघत राहा. पोत्याचे वजन पुस्तकात किलोने मोजतात. तिथे ते गुडघ्याने मोजलेले दिसेल.

बिबवेवाडी या तुमच्या उपनगराच्या नावात बिबवा, म्हणजे बिब्बा, आहे. पूर्वी परीट लोकांच्या कपड्यांच्या कोपऱ्यात बिब्ब्याने बारीकशी खूण घालीत. धुणे कितीही आपटा, खूण जात नसे, आणि कपडा शंभर घरांत मिसळला तरी ज्याचा त्याला परत मिळे. हाच बिब्बा बेफिकिरीने हाताळला तर अंगावर उततो. दुसऱ्याच्या चांगल्या कामात खो घालण्याला आपण बिब्बा घालणे म्हणतो, तेही उगाच नव्हे. तुमची सही अशीच आहे. ती कोणाच्या तरी आयुष्याच्या कोपऱ्यात कायमची उमटणार आहे. ती त्याची खूण ठरेल की फोड, एवढेच तुमच्या हाती.

थोड्याच दिवसांत कोणी तरी हसतमुख माणूस तुमच्या टेबलावर कागद सरकवील. वर पेन ठेवील, शेजारी चहा ठेवील, आणि म्हणेल, ‘बाकी सगळे झाले आहे साहेब, फक्त तुमची सही हवी.’ त्या ‘फक्त’ या शब्दापाशी थांबा. चहा निवला तरी चालेल. पेन बाजूला ठेवा, कागद उलटा, पहिल्या ओळीपासून वाचायला लागा. तुमचा खरा पदवीदान समारंभ त्या क्षणी सुरू होईल.